कुत्र्यांना अचानक होणारी विषबाधा : कारण कसे ओळखावे?

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रात्रभर राखण करणारा कुत्रा सकाळी तोंडाला फेस येऊन तडफडताना आढळला की, आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘कोणीतरी विष घातले.’ त्या वाक्यापाठोपाठ बहुधा एखाद्या शेजाऱ्याचे नावही येते. त्यामुळे दुहेरी हानी होते. कुत्र्याला वाचविण्याचा मोलाचा वेळ भांडणात जातो, आणि ज्या कारणाने त्याचा प्राण गेला ते कारण तसेच घरात, गोठ्यात किंवा बांधावर पडून राहते. उद्या तेच एखाद्या बालकाच्या हाती लागू शकते.

म्हणून आरंभीच एक गोष्ट सांगतो. ‘विषबाधा’ हे निदान नव्हे; ती एक शंका आहे. कोणते विष, कोठून आले, केव्हा पोटात गेले, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्या शंकेचे निदान होते. ही उत्तरे शोधण्याचे निम्मे काम दवाखान्याबाहेर, म्हणजे आपणांसारख्या डोळस माणसांकडून व्हावयाचे असते.

विषबाधाच आहे काय?

सर्वप्रथम हे पाहावयास हवे की, हा प्रकार विषबाधेचाच आहे का. उन्हाळ्यात दुपारी साखळीने बांधून ठेवलेला किंवा बंद मोटारीत राहिलेला कुत्रा जोराने धापा टाकतो, त्याच्या हिरड्या लालबुंद होतात व तो कोसळतो. हा उष्माघात होय. व्यालेली कुत्री पिलांना पाजत असता दोन-चार आठवड्यांनी थरथरू लागते, ताठरते; तेव्हा रक्तातील कॅल्शियम उतरलेले असते. लहान पिलाला रक्ती हगवण व उलट्या लागल्या तर पार्व्हो या विषाणुजन्य रोगाचा संशय प्रथम घ्यावा. जबडा चावल्यासारखे झटके डिस्टेंपर रोगात येतात. अपस्माराचे झटकेही कुत्र्यांना येतात, व झटका ओसरल्यावर असे जनावर काही वेळाने पूर्ववत होते.

या सर्वांहून महत्त्वाचा रोग म्हणजे रेबीज, अर्थात पिसाळणे. तोंडातून लाळ गळणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे, मागचे पाय लुळे पडणे ही लक्षणे पाहून ‘घशात हाड अडकले’ किंवा ‘विष खाल्ले’ असे समजून लोक तोंडात हात घालतात. असे कदापि करू नये. रेबीजची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते. लाळेचा संपर्क जखमेशी आला असल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. ज्या कुत्र्याचे लसीकरण झालेले नाही, वागणुकीत दोन-तीन दिवसांपासून फरक पडला आहे व लाळ गळत आहे, त्याच्याजवळ हातमोजे व काठीचे अंतर ठेवूनच जावे.

चार प्रश्न

रेबीजची शंका बाजूला पडली की चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न वेळेचा. कुत्रा शेवटचा धडधाकट केव्हा दिसला? काही विषे मिनिटांत परिणाम दाखवितात, तर काही दोन ते पाच दिवसांनी.

दुसरा प्रश्न लक्षणांच्या क्रमाचा. आधी उलटी की आधी थरथर? बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे की विस्फारली आहे? ओठ उचलून हिरडी पाहता आली तर फार बोध होतो. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती पांढरी पडली तर रक्तस्राव, निळसर झाली तर प्राणवायूची उणीव, आणि मातकट तपकिरी झाली तर रक्ताच्या रंगद्रव्यावर परिणाम करणारे विष संभवते.

तिसरा प्रश्न जागेचा. कुत्रा कोठे फिरला? फवारलेले शेत, धान्याचे कोठार, उकिरडा, परसबाग की मेलेले जनावर?

चौथा प्रश्न संख्येचा. एकच कुत्रा बाधित आहे, की त्याच वेळी मांजरे, कोंबड्या, कावळेही मरून पडले आहेत? अनेक प्राणी एकाच दिवशी मेले असतील तर ती बाब घराची न राहता गावाची होते.

शेतीची औषधे

आपल्या भाषेत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणण्याची रीत पडली आहे, आणि या शब्दानेच थोडा घात केला आहे. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके, म्हणजे क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट इत्यादी, आणि कार्बामेट वर्गातील कीटकनाशके ही कुत्र्यांच्या तीव्र विषबाधेची मोठी कारणे होत. मज्जातंतूंचा संदेश स्नायूंना पोहोचल्यावर तो थांबविणारे एक वितंचक शरीरात असते. ही द्रव्ये त्यालाच निकामी करतात. परिणामी सर्व ग्रंथी व स्नायू अखंड उत्तेजित राहतात. लाळ व अश्रू वाहतात, लघवी व जुलाब आपोआप होतात, बाहुल्या बारीक होतात, अंगाचे स्नायू थरथरतात व छातीत पाणी दाटून श्वास कोंडतो. ही लक्षणे एकत्र दिसली तर संशय दृढ धरावा. यांवर अ‍ॅट्रोपीन हा उतारा आहे. तो वेळेवर मिळाल्यास जनावर बहुधा हातचे जात नाही. मात्र त्याच्या जोडीला फॉस्फरसयुक्त विषात जे दुसरे औषध उपयोगी पडते, ते कार्बामेटच्या बाबतीत सहसा वापरीत नाहीत. डब्याचे नाव डॉक्टरांना का हवे असते, हे यावरून ध्यानात येईल.

ही द्रव्ये कुत्र्याच्या पोटात कशी जातात? प्रत्येक वेळी कोणी ती घातलेलीच असतात असे नाही. २०१८ मध्ये मक्यावर नवी लष्करी अळी आली, तेव्हापासून गूळ व भाताचा कोंडा आंबवून त्यात कीटकनाशक मिसळण्याची पद्धत परिचित झाली. हे आमिष अळीला जसे गोड लागते तसे कुत्र्यालाही. २०२२ साली लातूर, बीड भागांत सोयाबीनवर गोगलगायींचा मोठा उपद्रव झाला. गोगलगायींसाठी वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही कुत्रे आवडीने खातात. त्यातून जोराचे कंप, झटके व अतिशय चढलेला ताप येतो. फवारणीचे पाणी कालवलेली बादली, रिकामा डबा, बीजप्रक्रिया केलेले उरलेले बियाणे हीदेखील निमित्ते होतात.

आणखी एक कारण सर्रास आढळते. गोचीड व पिसवा मारण्यासाठी शेतातले कीटकनाशक किंवा गुरांसाठीचे द्रावण अंदाजाने कुत्र्याच्या अंगाला चोळले जाते. ते कातडीतून शोषले जाते व कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटातही जाते. अमिट्राझच्या अधिक मात्रेने कुत्रा सुस्त पडतो व नाडी मंद होते. गुरांचे आयव्हरमेक्टिन अधिक मात्रेत टोचले तर कुत्रा झोकांड्या देतो, त्याला दिसेनासे होते व तो बेशुद्ध पडतो.

जुन्या साठ्याविषयी एक सूचना. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. फोरेटचा वापर २०२० च्या अखेरीपासून बंद झाला. तरीही माळ्यावरच्या कोनाड्यात त्यांचे अर्धे डबे राहिलेले असू शकतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जे द्रव्य उघड्या मैदानात धडधाकट माणसाचा प्राण घेते, ते ओसरीवर पडलेले असेल तर कुत्र्याची व मुलाची काय कथा? कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. शाळेतील मुलांना हे चार रंग अवश्य शिकवावेत.

उंदरांची औषधे

उंदीर मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचे तीन प्रकार ओळखावेत. कारण तिन्हींची चाल भिन्न आहे.

पहिला, झिंक फॉस्फाइडची काळसर राखाडी पूड. ती पिठाच्या गोळीत घालतात. पोटातील आम्लाशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. थोड्याच वेळात ते काही तासांत उलट्या, पोटदुखी, धाप व झटके येतात. उलटीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा दर्प येतो. यावर खास उतारा नाही. येथे दोन सावधगिऱ्या घ्याव्यात : कुत्र्याला खाऊ घालू नये, कारण अन्नाने आम्ल वाढते व वायू अधिक निघतो, आणि त्याला वाहनातून नेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, उलटीचा वास मुद्दाम हुंगू नये, कारण तोच वायू माणसालाही बाधतो. धान्यात ठेवावयाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही हाच वायू निघतो.

दुसरा, ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी द्रव्ये. ही खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा खुशाल हिंडतो. मग तो मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून वा शौचावाटे रक्त जाते, किंवा छातीत रक्तस्राव होऊन धाप लागते. येथे के-१ जीवनसत्त्व हा खात्रीचा उतारा आहे; तो कित्येक आठवडे द्यावा लागतो. ‘काल काय खाल्ले?’ एवढेच विचारणारा मनुष्य हे कारण कधीच शोधू शकणार नाही. गेल्या आठवड्याचा हिशेब मांडावा लागतो.

तिसरा, पिवळा फॉस्फरस असलेला मलम. याची चाल सर्वांत फसवी आहे. आरंभी उलट्या होतात, नंतर एक-दोन दिवस बरे वाटते, आणि मग यकृत निकामी होऊन कावीळ उमटते. म्हणून कुत्रा सुधारला असे वाटले तरी उपचार सोडू नयेत.

यांच्या जोडीला एका जुन्या विषाचा उल्लेख करतो. कुचला, ज्याला कोकणात काजरा म्हणतात, त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असते. या विषबाधेत कुत्रा शुद्धीवर असतो, परंतु पाय ताणून लाकडासारखा ताठ होतो, व टाळी वाजली किंवा नुसता स्पर्श झाला तरी झटका येतो. असा कुत्रा अंधाऱ्या, शांत जागी ठेवावा व त्याच अवस्थेत दवाखान्यात न्यावा.

घर, परसदार आणि पावसाळा

घरातील कारणे निरुपद्रवी दिसतात, म्हणूनच ती नजरेतून सुटतात. तापासाठी दिलेल्या पॅरासिटामॉलच्या अधिक मात्रेने हिरड्या तपकिरी होतात व यकृत बिघडते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. माणसाची गोळी अर्धी करून कुत्र्याला देण्याची सवय मोडली पाहिजे. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हृदय व मज्जासंस्थेला त्रास देते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या च्युइंगममुळे रक्तातील साखर एकाएकी उतरते. नाशिक, सांगलीकडील द्राक्षे व बेदाणे आपल्या अभिमानाचा विषय आहेत, परंतु काही कुत्र्यांना त्यांमुळे एक-दोन दिवसांत मूत्रपिंडाचा तीव्र विकार जडतो. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. सबब ती कोणत्याच कुत्र्याला घालू नयेत.

परसात दोन्ही कण्हेरी, लाल-पांढरी व पिवळी, हृदयावर परिणाम करतात. धोतऱ्याने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते व कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो. एरंडीच्या बिया व त्यांची पेंड विशेष लक्षात ठेवावी. ही पेंड बागेला खत म्हणून घालतात आणि हाडांच्या चुऱ्याबरोबर मिसळली की कुत्रे ती उकरून खातात. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, उलट्या व रक्ती जुलाब सुरू होतात. शोभेसाठी लावलेला सायकस यकृताचा नाश करतो.

पावसाळ्याच्या आरंभी बेडकांचा सुळसुळाट होतो. खरखरीत कातडीचा भेक कुत्र्याने तोंडात धरला की त्याच्या ग्रंथींतील विषाने तत्काळ फेस येतो. डोके खाली झुकवून हिरड्यांवरून ओल्या फडक्याने पुसावे. त्यानंतरही झटके वा अशक्तपणा असल्यास दवाखाना गाठावा.

याच दिवसांत सर्पदंशही अधिक होतात. घोणस किंवा फुरसे चावल्यास तोंडावर वा पुढच्या पायावर झपाट्याने सूज येते व रक्त गोठत नाही. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या लोंबतात, पाय लुळे पडतात व श्वास मंदावतो. मण्यारीच्या दंशाची खूण तर बहुधा दिसतही नाही. या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस कुत्र्यालाही उपयोगी पडते. रात्री अंगणात निजलेला कुत्रा सकाळी लुळा सापडला तर ‘विष घातले’ म्हणण्यापूर्वी सापाचा विचार करावा.

पहिल्या अर्ध्या तासात

कुत्र्याला संशयित वस्तूपासून दूर करावे. उरलेली वस्तू इतर जनावरे व मुले यांच्या आवाक्यातून काढावी. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. अंगावर द्रव्य सांडले असल्यास सौम्य साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डबा, वेष्टन, पानाची फांदी, उलटीचा नमुना बरोबर घ्यावा व विलंब न लावता पशुवैद्यकाकडे न्यावे. पशुवैद्यकीय साहाय्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर विचारणा करता येते.

काय करू नये हे त्याहून महत्त्वाचे. झटके येत असलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नये. ते फुफ्फुसात जाते. वांती व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये. मिठाचीच विषबाधा होते. रॉकेल, आम्ल वा क्षार पोटात गेला असता वांती करविल्यास घसा व फुफ्फुसे दुसऱ्यांदा भाजतात. दूध, तूप व तेल हे उतारे नव्हेत. स्निग्ध पदार्थांनी काही विषांचे शोषण उलट वाढते. चिंचेचा कोळ पाजण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. बेदाण्यांतील ज्या टार्टारिक आम्लाकडे शास्त्रज्ञ आता संशयाने पाहतात, ते चिंचेतही विपुल असते. तेव्हा हा उपाय टाळावा हेच श्रेयस्कर.

पुरावा आधी, आरोप नंतर

आता मुद्दाम विष घालण्याच्या प्रकाराविषयी. असे घडतच नाही, असे मी म्हणत नाही. मांसाच्या तुकड्यात किंवा पोळीत विष घालणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली असून तिच्या कलम ३२५ अन्वये जनावराला विष घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा भटक्या कुत्र्यांनाही लागू आहे. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा विहित मार्ग निर्बीजीकरण व लसीकरण हा आहे. विष हा नव्हे. विष घातलेला तुकडा कुत्र्यापाशी थांबत नाही. मेलेल्या कुत्र्याला कावळे, घारी व दुसरी कुत्री टोचतात, आणि साखळी पुढे चालू राहते.

परंतु आरोप सिद्ध व्हावयाचा तर पुरावा लागतो. कुत्रा मेल्यास त्याला घाईने पुरू नये. पोलिसांना कळवून पंचनामा करवावा व पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्यावे. जठर व त्यातील अन्न, यकृत आणि मूत्रपिंड यांचे नमुने स्वतंत्र, मोहोरबंद बरण्यांतून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. त्यासाठी मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. फॉर्मलीन वापरल्यास विषाचा शोध लागणे कठीण होते. शवविच्छेदनानंतर शव खोल पुरावे. ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत शेजाऱ्याचे नाव घेण्याचे टाळणे, हे सरपंच व पोलीस पाटील यांनी गावाला समजावून सांगण्यासारखे आहे. ज्याच्यावर संशय होता त्याचा काहीच दोष नव्हता व विष आपल्याच माळ्यावरून पडले होते, असे निष्पन्न झाल्यावर मोडलेला शेजार सहजी जुळून येत नाही.

आपणांकडून अपेक्षा

पंचायत सदस्यांनी आमिष वापरावयाच्या दिवसांची दवंडी द्यावी किंवा ध्वनिक्षेपकावरून सूचना करावी. त्या दिवसांत पाळीव कुत्री बांधून ठेवता येतील. उरलेले आमिष त्याच दिवशी पुरावे. कीटकनाशके कुलूपबंद ठेवण्याचा आग्रह धरावा व मुदत संपलेला साठा कृषी विभागाच्या सल्ल्याने निकालात काढावा. शिक्षकांनी मुलांना विषारी वनस्पती, वेष्टनावरील रंग आणि लाळ गाळणाऱ्या कुत्र्यापासून दूर राहण्याची दक्षता शिकवावी. ग्रामसेवक व पशुवैद्यकीय कर्मचारी यांनी अशा प्रत्येक मृत्यूची तारीख, जागा, लक्षणे व अनुमानित कारण एका वहीत नोंदवावे. दोन हंगामांच्या नोंदी एकत्र वाचल्या की कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारात धोका आहे हे गावालाच उमगेल.

कुत्रा जमिनीलगत हुंगत फिरतो. आपण ज्याकडे पाहत नाही ते त्याच्या तोंडात आधी जाते. रांगते मूलही त्याच उंचीवरून जग पाहते. म्हणून कुत्र्याच्या अकस्मात मृत्यूचे खरे कारण शोधणे हे प्राणिप्रेमाचे काम आहेच, पण त्याहून अधिक ते आपल्या घराच्या सुरक्षिततेचे काम आहे. ते आपण मनावर घ्याल, अशी मला आशा आहे.